पेंड

मार्चात पेप्टोनचा डबा संपला.
चमचा तळाला घासल्याचा आवाज मी लांबून ओळखतो,
एकवीस वर्षं शहाद्याच्या ह्याच कॉलेजात
काचसामान धुतोय.
नव्या डब्याची किंमत तरुलता मॅडमनी कागदावर लिहिली,
कागद ऑफिसात गेला
आणि तिथं मुरत पडला, कैरीसारखा.

मॅडम म्हणाल्या, चिंधादादा,
पेप्टोन म्हणजे तरी काय हो,
आधीच कुणी तोडून ठेवलेलं प्रथिन.
जंतूंना अख्खा घास गिळता येत नाही.
आपण तोडू.

मी घरची सरकीची पेंड आणली, म्हशीच्या वाट्याची.
सेवंती पावरानं आणला बाटलीभर पपईचा चीक.
तिचा बाप पहाटे बागेत
कच्च्या फळांना उभ्या चिरा देतो,
दुधासारखं गळतं ते खाली धरतो.
त्या चिकाला प्रथिनं तोडता येतात,
कात्री नाही, दात नाहीत,
साठ अंशांवर नुसतं कोमट पाणी पाहिजे
आणि चार तास.

वॉचमन डोकावला:
काय रांधी राहिनात भाऊ, वास कसाना येस?
मी म्हटलं, पाहुणे येणार आहेत.
किती?
मोजता येत नाहीत.

पहिल्या खेपेला पाहुणे आलेच नाहीत.
तीन दिवस प्लेटा कोऱ्या.
मॅडमनी पुस्तक काढलं, मग कपाळाला हात लावला:
सरकीत मुळातच एक पिवळं विष असतं,
म्हशीला पचतं, ह्यांना नाही.
मी उरलेलं सगळं मोरीत ओतलं
आणि संध्याकाळी म्हशीकडे जरा आदरानं पाहिलं.

दुसऱ्या खेपेला घाण्यावरून भुईमुगाची पेंड.
दर तासाला परीक्षानळीत थोडं काढायचं,
मोरचूद आणि खार घालायचा.
आधी गडद जांभळं,
मग वांग्याच्या फुलासारखं,
मग गुलाबी,
मग इतकं फिकं की मी चष्मा पुसला.
रंग उतरला म्हणजे तुटलं.
मग उकळी, म्हणजे चीकही थांबला.
धोतराच्या फडक्यातून गाळलं, ताटात वाळवलं,
काकवीसारखं चिकटलं बोटांना.
लिटरला दहा ग्रॅम, तोलून,
मीठ, अगार, कुकरमध्ये पंधरा पौंड, वीस मिनिटं.

बागेतली माती सारवली त्या प्लेटांवर.
सकाळी इनक्युबेटर उघडला
आणि ओळीनं सगळ्या प्लेटांत वस्त्या,
पांढऱ्या, पिवळ्या, एक तर गुलालासारखी.
पोरं ओरडली. मॅडम ओरडल्या नाहीत,
त्यांनी मला चहा सांगायला पाठवलं, दोन जास्तीचे.

त्याच आठवड्यात सेवंतीचा बाप आला, रायमल.
पोरीचं काम बघायला म्हणून आला,
पण हातात रेशनचं कार्ड होतं.
दुकानातलं मशीन त्याचा अंगठा घेत नाही म्हणाला,
तिसरा महिना.
त्यानं तळवा उघडला.
बोटांची टोकं गुळगुळीत, तांबूस,
रेघा गेलेल्या.
मी ताटाकडे पाहिलं,
काल ज्यात वाळवलं होतं त्या ताटाकडे.
पेंडीला जे तोडतं
ते कातडी सोडत नाही,
हे पुस्तकातही असणार, पण दुसऱ्या पानावर.

मॅडमनी एक ताजी प्लेट पुढं केली.
दाबा, दादा.
त्यानं दाबला, जसा दुकानात दाबत असेल,
जोर लावून, कुणी रागावेल अशा बेतानं.

दोन दिवसांनी झाकण उघडलं.
रेघा नव्हत्याच.
पण अंगठा होता,
अख्खा, ठिपक्या-ठिपक्यांचा,
कडेला नखाची कोर सुद्धा.
सेवंतीनं पेनानं खाली नाव लिहिलं, तारीख लिहिली,
आणि त्याच बैठकीत तहसीलचा अर्ज.

नियमानं वाढलेली प्लेट आठ दिवसांत
कुकरला लावायची असते, मग धुवायची.
बाकीच्या मी धुतल्या.
ती फ्रीजमध्ये मागच्या कप्प्यात आहे.
मॅडम विचारत नाहीत.
ऑफिसचा कागद आला काल, मंजूर,
डबा पुढच्या महिन्यात.